थॉमस कुक : गरिबांस प्रवास घडविणारा कातारी

इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड या देशांत सहलीची एक रीत फार रूढ आहे. चाळीस-पन्नास माणसे मिळून एका मोठ्या मोटारगाडीत बसतात आणि दोन-चार दिवस किंवा आठवडाभर डोंगर, सरोवरे, समुद्रकाठची गावे व जुनी देवळे पाहून घरी परततात. गाडीभाडे, उतारा, न्याहारी व रात्रीचे जेवण या सर्वांचे पैसे एकदाच आगाऊ भरलेले असतात. एकटी राहणारी विधवा, पेन्शनीत निघालेला कारागीर, मोठ्या प्रवासाची सवय नसलेले वृद्ध जोडपे, अशी माणसे या गाड्यांतून निर्धास्त जातात. परक्या गावी कोठे उतरावे, कोणी फसवील काय, परत येण्यापुरते पैसे उरतील काय, ही काळजी त्यांस नसते. ती दुसऱ्या कोणी आपल्या शिरावर घेतलेली असते. लोकांची ही काळजी वाहणे हाच ज्यांनी आपला जन्माचा उद्योग केला, ते थॉमस कुक साहेब होत. तारुण्यात ते गावोगाव पायी फिरणारे उपदेशक होते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे देत आहोत.

थॉमसचा जन्म डर्बीशर परगण्यातील मेलबर्न या लहानशा गावी २२ नोव्हेंबर १८०८ रोजी झाला. बाप मजुरी करीत असे. तो मुलाच्या अगदी बालपणीच वारला. आई बॅप्टिस्ट उपदेशकाची कन्या होती; तिने पुढे दुसरे लग्न केले. घरात दारिद्र्य इतके की, दहाव्या वर्षी थॉमसची शाळा सुटली व तो एका माळ्याच्या हाताखाली बागेत राबू लागला. मजुरी दिवसास एक पेनी. त्या काळी बारा पेन्स मिळून एक शिलिंग होत असे व वीस शिलिंग मिळून एक पौंड, हे वाचकांनी लक्षात ठेवावे, म्हणजे पुढील हकिकत नीट समजेल. चौदाव्या वर्षी तो एका नातलग सुताराकडे उमेदवार म्हणून राहिला व कातारकाम शिकला. पुढे लफबरो गावी बॅप्टिस्ट पुस्तके छापणाऱ्या एका छापखान्यातही त्याने काम केले. सन १८२६ त त्याचा बाप्तिस्मा झाला.

दोन वर्षांनी बॅप्टिस्ट मंडळ्यांनी त्यास खेड्यापाड्यांतून शुभवर्तमान सांगण्यास, पत्रके वाटण्यास व रविवारच्या शाळा काढण्यास नेमिले. वर्षाचा पगार ३६ पौंड. एकट्या १८२९ साली त्याने २,६९२ मैल प्रवास केला व त्यांपैकी २,१०६ मैल तो पायी चालला. ज्यांनी चिखलातून दुसऱ्या गावच्या प्रार्थनेस वेळेवर पोहोचण्याची धडपड केली आहे, त्यांस या आकड्यांचा अर्थ आम्ही सांगावयास नको. परंतु थोड्याच काळात मंडळ्यांचा पैसा आटला व ते काम थांबले. हा तरुण पुन्हा आपल्या कातारयंत्रापाशी येऊन बसला. मार्केट हारबरो गावी त्याने दुकान मांडिले. १८३३ च्या मार्च महिन्यात एका शेतकऱ्याची कन्या मेरिअन मेसन हिच्याशी लग्न केले. मेरिअनबाई रविवारच्या शाळेत शिकवीत असत. पुढील वर्षी त्यांस जॉन मेसन नावाचा पुत्र झाला. या पुत्राविषयी पुढे लिहावे लागेल.

त्या काळी इंग्लंडातील मजुरांत दारूने फार अनर्थ मांडिला होता. शनिवारी हातात पडलेली मजुरी सोमवारपर्यंत टिकत नसे. विसावा मिळाला तर जावे कोठे? गुत्त्यात, नाही तर कोंबड्यांच्या झुंजी व घोड्यांच्या शर्यती पाहण्यास. कुक साहेबांनी मद्यत्यागाची शपथ घेतली व त्या चळवळीत ते तनमनाने शिरले. ९ जून १८४१ रोजी लेस्टर शहरी मद्यपाननिषेधाची सभा होती. मार्केट हारबरोहून सुमारे पंधरा मैल. साहेब नेहमीप्रमाणे पायी निघाले. नुकतीच त्या प्रांतात आगगाडी सुरू झाली होती. वाटेत त्यांच्या मनात आले की, ही नवी शक्ती आपल्या कार्यास का लावू नये? लेस्टरच्या माणसांनी लफबरोच्या सभेस खास गाडीने का जाऊ नये? सभेत त्यांनी हा विचार मांडला, तो सर्वांस रुचला, आणि त्यांनी रेल्वेच्या चिटणिसाची गाठ घेऊन गाडी ठरविली.

५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून निघाली. जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग, म्हणजे लहान थॉमसची बारा दिवसांची मजुरी. डबे उघडे, वर छप्पर नाही. पण बँड वाजत होता व रुळांच्या दोन्ही बाजूंस लोक गर्दी करून पाहत होते. लफबरोस एका सद्गृहस्थाच्या बागेत चहापाणी झाले, खेळ झाले, मद्यपानाविरुद्ध भाषणे झाली आणि रात्री सर्व मंडळी सुखरूप परत आली. आगगाडीची पहिली सहल हीच असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, परंतु ते खरे नाही. आदल्याच वर्षी लेस्टर व नॉटिंगहॅम येथील कारागिरांच्या संस्थांनी अशा सहली काढिल्या होत्या. आमच्या मते कुक साहेबांची थोरवी पहिलेपणात नाहीच. एकदा केलेले काम त्यांनी सोडले नाही, यात ती आहे. लेस्टरच्या शर्यतीच्या दिवसांत रविवारच्या शाळांची मुले त्या गोंधळापासून दूर, गाडीने डर्बीस नेण्याचा उपक्रमही त्यांनी १८४३ त केला.

या आरंभीच्या सहलींत त्यांस फायदा नव्हता. सन १८४५ त मात्र त्यांनी लिव्हरपूलची सहल व्यापार म्हणून काढिली. भाडे पहिल्या वर्गास पंधरा शिलिंग, दुसऱ्यास दहा. आधी स्वतः त्या वाटेने जाऊन त्यांनी खाणावळी व उतारे पाहून घेतले आणि प्रवाशांकरिता एक मार्गदर्शक पुस्तिका छापिली. ज्यांची इच्छा असेल त्यांस आगबोटीने वेल्समधील कार्नार्व्हन येथे नेऊन स्नोडन पर्वतही दाखविला. पुढील वर्षी ३५० माणसांस घेऊन ते स्कॉटलंडास निघाले, आणि येथे मात्र फजिती झाली. वाटेत प्रेस्टन येथे चहाची तजवीज ठरली होती, ती झालीच नाही. फ्लीटवुड बंदरात आगबोटीवर जागा पुरली नाही. पैसे भरूनही पुष्कळांस रात्रभर पावसात उघड्यावर बसावे लागले. ग्लासगो व एडिंबरो येथे लोकांनी बँड लावून स्वागत केले खरे, परंतु भिजलेला मनुष्य बँडने वाळत नाही. त्याच वर्षी साहेबांचे दिवाळे निघाले. इतरांनी हा नाद सोडला असता. त्यांनी मात्र दुसऱ्या वर्षी पुन्हा स्कॉटलंडची सहल जाहीर केली, आणि त्या वेळेपासून खाणे व उतारा यांविषयी ते अत्यंत काटेकोर झाले.

रेल्वे कंपन्या त्यांस नेहमी अनुकूल असत असे नाही. कधी भाड्यात सवलत मिळत नसे, कधी गाडीच मिळत नसे. अशा वेळी ते घोड्यांच्या गाड्या ठरवून लोकांस लेस्टरशायरातील बीव्हरचा वाडा किंवा डर्बीशायरातील चॅट्सवर्थचा राजवाडा पाहण्यास नेत. ड्यूकांची ही घरे व त्यांतील चित्रे मजुरांनी व दुकानदारांनी डोळ्यांनी पाहावी, ही त्या वेळी लहानसहान गोष्ट नव्हती. स्कॉटलंडात तर आगगाडी, बोट व घोडागाडी यांची त्यांनी एकात एक सांगड घातली. ट्रॉसॅक्सच्या डोंगरांत एका सरोवरापर्यंत गाडीने जावे, बोटीने ते ओलांडावे, पलीकडे पुन्हा गाडी तयार असावी, आणि या सर्वांचे तिकीट लेस्टरासच हातात पडावे! या सहलींत एकट्या येणाऱ्या स्त्रिया फार असत. ज्या स्त्रीस तिच्या घरचे लोक शेजारच्या शहरीही एकटी धाडीत ना, ती कुक साहेबांच्या मंडळीबरोबर शेकडो मैल बिनदिक्कत जाई.

सन १८५१ त लंडन येथे मोठे प्रदर्शन भरले. ज्यांनी काचेचा तो प्रचंड महाल उभारिला, ते जोसेफ पॅक्स्टन साहेब स्वतः एके काळचे माळी होते. मध्य प्रांतातील मजूर लोकांनी प्रदर्शनास यावे म्हणून त्यांनी कुक साहेबांस गळ घातली. गरिबाजवळ एकदम पैसा कोठून येणार? म्हणून गावोगावी वर्गणीच्या मंडळ्या स्थापून दर आठवड्यास थोडे थोडे पैसे जमविण्याची सोय झाली. दुसऱ्या रेल्वे कंपनीने चढाओढ सुरू केल्यावर भाडे पाच शिलिंगांपर्यंत उतरले. सतरा वर्षांचा जॉन मेसन बापाच्या बरोबरीने रात्रंदिवस गाड्यांवर राबला. बापलेकांनी त्या एका हंगामात सुमारे दीड लाख माणसे लंडनास नेऊन परत आणिली. त्यांतील बहुतेकांनी आपली राजधानी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

आता आयोना बेटाची गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हे लहानसे बेट आहे. इसवी सन ५६३ त कोलंबा नामक संत आयर्लंडहून येथे उतरला व येथूनच स्कॉटलंडात ख्रिस्ती धर्म पसरला. कुक साहेब आपल्या मंडळीस हे पवित्र स्थळ दाखविण्यास नेत. तेथील कोळ्यांची दैना त्यांच्या दृष्टीस पडली. मासळी समुद्रात विपुल, पण होड्या व जाळी घेण्यास पैसा नाही. साहेबांनी सहलीस आलेल्या लोकांपुढे ही गोष्ट मांडिली व पदर पसरिला. सन १८६१ पर्यंत या दानातून चोवीस होड्या सामानासह बेटावर आल्या. घटकाभर पाहण्यास आलेल्या लोकांनी हे केले, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढे स्कॉटलंडातील रेल्वे कंपन्यांनी त्यांस स्वस्त तिकिटे देण्याचे बंद केले. वर्षानुवर्षे जोडलेले काम हातचे गेले, तेव्हा ते १८६३ त स्वित्झर्लंडकडे व मग इटलीकडे वळले. १८६९ त मिसर व पवित्र भूमीत त्यांची पहिली मंडळी गेली. सामान्य लोकांचे थवे परदेशी फिरू लागलेले पाहून काही उच्चवर्गीय लेखकांनी वृत्तपत्रांतून त्यांची पोटभर टवाळी केली. साहेबांचे म्हणणे असे की, ईश्वराची सृष्टी श्रीमंतांकरिताच निर्मिलेली नाही. सन १८७२ च्या सप्टेंबरात त्यांनी एका लहानशा मंडळीस घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा आरंभिली. अमेरिका, जपान, चीन व सिलोन पाहून ते १८७३ त हिंदुस्थानात आले आणि मुंबई बंदरातून मिसराकडे गेले. एकंदर २२२ दिवस लागले. १८८१ पासून त्यांच्या पेढीचे काम मुंबईतही सुरू झाले.

आता पुत्राची गोष्ट. जॉन मेसन हा बुद्धिमान, कष्टाळू व शिस्तीचा मनुष्य होता. पेढी जगभर पसरली ती मुख्यत्वे त्याच्या कर्तबगारीने, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. परंतु बापाचा स्वभाव त्यास खपेना. बापाने पेढीचा पैसा धर्मकार्यांत घालावा, रोम शहरातील बॅप्टिस्ट मिशनास मदत करावी, सहलीत व्यापार किती व सेवा किती याचा हिशेबच ठेवू नये, हे त्याच्या मते नुकसानीचे होते. ज्यावर शेकडो नोकरांचे पोट आहे तो धंदा भावनेने चालत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बापाचेही खोटे नव्हते. भावना नसती तर धंदा निघालाच नसता. दोघेही देवभीरू, दोघेही हट्टी. सन १८७८ च्या सुमारास बापास पेढीतून निवृत्त व्हावे लागले. लोकांची भांडणे मिटविण्यात ज्याचा जन्म गेला, त्यास आपल्या घरचे भांडण मिटविता आले नाही.

नोव्हेंबर १८८० त त्याहून मोठा घाव पडला. एकुलती एक कन्या ॲनी, जी बापाची आवडती व रविवारच्या शाळेत तळमळीने काम करणारी होती, ती लेस्टर येथील घरी स्नानगृहात मृत आढळली. पाणी तापविण्याच्या नव्या यंत्रातील विषारी धुराने तिचा प्राण गेला. बापाने तिच्या स्मरणार्थ रविवारच्या शाळेकरिता इमारत बांधून दिली. सन १८८४ त मेरिअनबाईही वारल्या. हळूहळू साहेबांची दृष्टी गेली. ज्यांनी लाखो लोकांस डोंगर व समुद्र दाखविले, त्यांस आपली वाट दुसऱ्याचा हात धरून चालावी लागे. तरी ते पुन्हा एकदा पवित्र भूमीचा प्रवास करून आले.

सन १८९१ त लफबरोच्या सहलीस पन्नास वर्षे झाली. लंडन येथे पेढीने मोठी मेजवानी केली. मोठमोठे लोक आले, पुत्राने भाषण केले, पण म्हातारे कुक साहेब तेथे नव्हते. त्याच सुमारास त्यांनी आपल्या जन्मगावी, मेलबर्न येथे, एक प्रार्थनागृह व गरीब बॅप्टिस्ट वृद्धांकरिता चौदा घरे बांधून पुरी केली होती. ज्या गावी एका पेनीकरिता दिवसभर बागेत राबले, तेथे ती घरे अजून उभी आहेत. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे त्यांस देवाज्ञा झाली. पत्नी व कन्या यांच्याजवळच त्यांस पुरिले आहे.

पेढी नातवांनी १९२८ त विकून टाकिली. पुढे ती अनेकांच्या हाती गेली, फार वाढली, कर्जात बुडाली व २३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे एकाएकी बंद पडली. मुंबईची कंपनी तोपर्यंत निराळी झाली असल्यामुळे ती चालू राहिली. परंतु ज्यांनी सहलीचे सर्व पैसे आगाऊ भरले होते असे ब्रिटनचे सुमारे दीड लाख लोक त्या दिवशी परमुलखांत होते, आणि सरकारास विमाने धाडून दोन आठवडेपर्यंत त्यांस घरी आणावे लागले.