तात्यासाहेब केळकर आणि आयर्लंड

कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० साली स्थापन झाले. ज्या राजाराम महाराजांचे नाव या विद्यालयाला दिले आहे, ते तरुण छत्रपती १८७० साली यूरोपच्या प्रवासास गेले होते. परत येताना इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या विद्यालयामुळे दक्षिण महाराष्ट्रातील होतकरू मुलांना घराजवळ उच्च शिक्षण मिळू लागले. अशा मुलांपैकीच एक म्हणजे मिरजेचे नरसिंह चिंतामण केळकर. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना तात्यासाहेब केळकर या नावाने ओळखू लागला आणि साहित्यसम्राट ही पदवी लोकांनी त्यांना प्रेमाने दिली.

केळकरांनी नाटके लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या, चरित्रे व निबंध लिहिले. या विपुल लेखनात 'आयर्लंडचा इतिहास' नावाचा एक ग्रंथ आहे. हजारो कोसांवरील एका लहानशा बेटाची हकीकत मराठी वाचकांना सांगावी, असे पुण्यातील एका संपादकाला का वाटावे? केळकरांचे चरित्र आणि त्या बेटाची कथा एकत्र पाहिली, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते.

केळकरांचा जन्म २४ ऑगस्ट १८७२ रोजी सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब या गावी झाला. त्यांचे बालपण मिरजेस गेले. मिरज, कोल्हापूर आणि पुणे येथे शिक्षण घेऊन ते पदवीधर झाले आणि नंतर वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाले. साताऱ्यास त्यांनी वकिली सुरू केली. परंतु अर्ज, साक्षी आणि दावे यांत त्यांचे मन फार दिवस रमणार नव्हते. १८९६ साली लोकमान्य टिळकांनी त्यांना पुण्यास बोलाविले. टिळकांची दोन पत्रे होती. 'केसरी' मराठीत निघे आणि 'मराठा' इंग्रजीत. केळकरांनी वकिलीचा मार्ग सोडला आणि या पत्रांच्या कामाला वाहून घेतले.

तो काळ कठीण होता. १८९६ साली दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेगची साथ आली. १८९७ साली सरकारने टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात टाकले. तेव्हा अवघ्या पंचविशीत असलेल्या केळकरांवर पत्रांची जबाबदारी येऊन पडली. १८९७ पासून पुढे वीसहून अधिक वर्षे ते 'मराठा' पत्राचे संपादक होते. १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला. त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात पाठविण्यात आले. न्यायालयाचा अवमान केल्याच्या आरोपावरून त्याच वर्षी केळकरांनाही थोड्या दिवसांचा कारावास भोगावा लागला. नेता दूर देशी बंदिवासात, पत्रावर सरकारची करडी नजर आणि लोकांच्या मनात निराशा, अशी ती वेळ होती. त्यानंतरच्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, केळकरांचा 'आयर्लंडचा इतिहास' प्रसिद्ध झाला.

आयर्लंड हे यूरोपच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागरात वसलेले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून ते थोडेसेच मोठे भरेल. तेथे वर्षभर पाऊस पडतो, म्हणून सारा मुलूख हिरवागार दिसतो. कित्येक ठिकाणी दलदल आहे. या दलदलीतील माती कापून, वाळवून ती चुलीत जळणासाठी वापरण्याची तेथील खेडुतांची जुनी रीत होती.

या बेटावरील लोकांची मूळ भाषा गेलिक. पाचव्या शतकात सेंट पॅट्रिक या धर्मोपदेशकाने तेथे ख्रिस्ती धर्माचा प्रसार केला. पुढे गावोगावी मठ स्थापन झाले आणि त्या मठांत विद्येची उपासना होऊ लागली. यूरोपात सर्वत्र धामधूम माजलेली असता आयर्लंडमधील साधूंनी ग्रंथ जपले, त्यांच्या सुंदर प्रती केल्या आणि परदेशी जाऊन विद्यादान केले. सुमारे ८०० साली तयार झालेला, रंगीत नक्षीने नटलेला केल्सचा ग्रंथ आजही डब्लिन येथे पाहावयास मिळतो. आपल्याकडे शाहीर डफावर थाप मारून पराक्रमाचे पोवाडे गात. त्याप्रमाणे आयर्लंडमध्ये भाट हार्प नावाचे तंतुवाद्य छेडून शूर पुरुषांच्या कथा गात असत. हेच हार्प पुढे त्या देशाचे चिन्ह बनले.

अशा देशावर परचक्रे आली. प्रथम उत्तरेकडील दर्यावर्दी लोकांनी किनाऱ्यावर लूटमार केली. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत ब्रायन बोरू या राजाच्या सैन्याने त्यांचा मोड केला. पण त्याच दिवशी तो वृद्ध राजा मारला गेला. ११६९ साली इंग्लंडच्या बाजूने नॉर्मन सरदार आले. आयर्लंडच्या एका पदच्युत राजानेच त्यांची मदत मागितली होती. घरच्या भांडणात बाहेरचा पंच बोलावला की तो घराचा धनी होऊन बसतो, हे आपल्या इतिहासातही वारंवार दिसून येते. हळूहळू इंग्रजांची सत्ता बेटभर पसरली. सतराव्या शतकात अल्स्टर प्रांतातील जमिनी काढून घेऊन तेथे बाहेरून आणलेले लोक वसविण्यात आले. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर आणखी जमिनी गेल्या. बहुसंख्य आयरिश लोक कॅथलिक पंथाचे होते आणि राज्यकर्ते प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिकांना जमीन विकत घेण्याची बंदी झाली आणि राज्यकारभाराची दारे त्यांना मिटली. आपल्याच पूर्वजांच्या शेतात आयरिश शेतकरी कूळ बनून राबू लागला. १८०१ साली डब्लिनचे पार्लमेंटही गेले आणि देशाचा कारभार लंडनहून चालू लागला.

धान्य आणि गुरे विकून शेतकऱ्याला खंड भरावा लागे. मग त्याच्या पोटाला उरे तो बटाटा. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि शेतेच्या शेते काळी पडून सडली. पुढील काही वर्षे हेच संकट येत राहिले. सुमारे १० लाख माणसे भुकेने व साथींच्या रोगांनी मरण पावली आणि त्याहून अधिक लोक जहाजांत बसून अमेरिकेकडे व इतर देशांकडे निघून गेले. १८४१ साली सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ साली सुमारे ६५ लाखांवर आली. सर्वांत दुःखाची गोष्ट ही, की याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य व गुरे परदेशी जातच होती. देशात अन्न होते. पण ते विकत घेण्यास गरिबाजवळ पैसा नव्हता. १८७६-७७ आणि १८९६-९७ चे दुष्काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्या मराठी वाचकांना ही कथा परकी वाटली नसेल.

परंतु आयर्लंडचा इतिहास केवळ दुःखाचा नाही. डॅनिएल ओकॉनेल या वकिलाने प्रचंड सभा भरवून लोकांना जागे केले आणि १८२९ साली कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून दिले. १८७९ साली मायकेल डॅव्हिट आणि पार्नेल यांनी शेतकऱ्यांचा संघ उभारला. दुसऱ्याच वर्षी मेयो परगण्यात एक विलक्षण घटना घडली. कॅप्टन बॉयकॉट नावाचा एक गृहस्थ तेथे जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी खंड कमी करण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही, उलट कुळांना जमिनीवरून काढण्याची तयारी सुरू झाली. तेव्हा लोकांनी त्याच्यावर हात उगारला नाही. त्यांनी त्याच्याशी सर्व संबंध तोडले. मजूर शेतावर जाईनात, दुकानदार माल देईना, शेजारी बोलेनात. पीक काढण्यासाठी दुरून माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य ठेवावे लागले. पिकाच्या किमतीहून कितीतरी अधिक खर्च बंदोबस्तावर झाला. शेवटी बॉयकॉट ते गाव सोडून गेला; त्याचे नाव मात्र इंग्रजी भाषेत शब्द होऊन राहिले. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ सुरू झाली, तेव्हा हाच शब्द हिंदुस्थानभर दुमदुमला. मराठीत त्याला बहिष्कार म्हणू लागले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीतील एका सूत्राचे नाते असे आयर्लंडमधील एका खेड्याशी जुळते.

आयर्लंड आणि हिंदुस्थान, दोन्ही देश एकाच साम्राज्याच्या सत्तेखाली होते. म्हणून एकाचा इतिहास वाचताना दुसऱ्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नसे. केळकर वृत्तीने शांत व समतोल होते. आगपाखड करण्यापेक्षा पुरावा मांडून वाचकाला विचार करावयास लावणे हा त्यांचा पिंड होता. आपला देश निराशेने ग्रासला असता, आपल्याहून लहान देशाने शतकानुशतके धीर कसा धरला, त्याच्या चुका कोणत्या आणि त्याचे यश कशात होते, हे मराठी माणसाला मराठीतच वाचता यावे, ही सोय या ग्रंथाने झाली.

वाचनाची फळे यथाकाल दिसू लागतात. आपला अंतर्गत कारभार आपणच पाहावा, या आयरिश लोकांच्या मागणीला होमरूल असे नाव होते. १८८६ व १८९३ साली पार्लमेंटमध्ये ती फेटाळली गेली. १९१४ साली तिचा कायदा झाला. पण महायुद्धामुळे तो तहकूब राहिला. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष झाले आणि चिटणीस झाले न. चिं. केळकर. ज्याने आयर्लंडचा इतिहास लिहिला, त्याच्याच हाती होमरूलचे दप्तर आले. त्याच वर्षी ॲनी बेझंट यांनीही आपली स्वतंत्र लीग काढली. त्यांच्या मातेचे घराणे आयरिश होते. १९१९ साली केळकर लीगच्या शिष्टमंडळाबरोबर इंग्लंडला जाऊन आले.

१९२० साली टिळकांचे निधन झाले. त्यानंतर केळकरांचा मार्ग सोपा राहिला नाही. गांधीजींच्या असहकारितेचा सर्व कार्यक्रम त्यांना पटला नाही. कायदेमंडळात शिरून तेथे सरकारशी झगडावे, असे त्यांचे मत होते. पार्नेलनेही पूर्वी लंडनच्या पार्लमेंटमध्ये असाच झगडा केला होता. अनेकांनी केळकरांवर टीका केली. त्यांनी आपले मत सोडले नाही आणि लेखणीचा संयमही सोडला नाही. १९२३ साली ते मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. टिळकांचे विस्तृत चरित्र त्यांनी तीन खंडांत लिहिले. १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'तोतयाचे बंड' हे त्यांचे नाटक, 'मराठे व इंग्रज' हा इतिहासग्रंथ आणि 'गतगोष्टी' हे आत्मचरित्र यांनी मराठी साहित्यात मोलाची भर घातली. १९३५ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'सह्याद्री' हे मासिक चालविले.

इकडे आयर्लंडमध्ये १९१६ साली डब्लिनला उठाव झाला आणि त्याच्या नेत्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९२१ सालच्या तहाने बेटाच्या मोठ्या भागाला स्वराज्य मिळाले. पण उत्तरेकडील सहा परगणे वेगळे राहिले. स्वराज्य आले आणि फाळणीची जखमही झाली. हिंदुस्थानच्या वाट्यालाही १९४७ साली तेच आले. स्वातंत्र्याचा तो दिवस केळकरांनी पाहिला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

दोन्ही देशांचे नाते मात्र पुढेही टिकले. भारताची राज्यघटना तयार होत असता तिच्यातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ सालच्या घटनेवरून घेण्यात आली. आयर्लंडचा ध्वजही तिरंगीच आहे. त्यातील हिरवा रंग एका पक्षाचा, नारिंगी दुसऱ्याचा आणि मधला पांढरा त्या दोघांमधील सलोख्याचा मानतात.

केळकर एका लहान संस्थानी गावात वाढले. जगाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र लहान नव्हती. दुसऱ्या देशाचे सुखदुःख समजून घेतले की आपल्या देशाची ओळख अधिक खोल होते, आणि ते ज्ञान स्वभाषेत आणले की ते सर्वांचे होते. तात्यासाहेबांनी मराठी वाचकांसाठी हेच केले.