सुभेदार रामजी सकपाळ

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असा निरोप आला तेव्हा मला माझे नववीतले भाषण आठवले. १४ एप्रिलला शाळेच्या मैदानात मी बाबासाहेबांवर बोललो होतो. भाषण पाठ केलेले होते आणि त्यात त्यांच्या वडिलांच्या वाट्याला एकच वाक्य आले होते. आपल्या भंडारा जिल्ह्यात बाबासाहेबांची ओळख करून द्यावी लागत नाही. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते इथून उभे राहिले आणि हरले, हे आपण घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकतच मोठे झालो. पण सुभेदार रामजी मला भेटले ते नोकरीतून मोकळा झाल्यावर, खैरमोडे आणि कीर यांची चरित्रे सावकाश वाचताना. म्हणून हा लेख त्यांच्यावर.

रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील फौजेत होते, तेही फौजेत गेले. तिथे शिकले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. चौदा अपत्ये झाली, त्यांतली मोजकीच जगली. धाकटे भीमराव १८९१ मध्ये महूला जन्मले. रामजी कबीरपंथी होते. दारू नाही, मांसाहार नाही, सकाळ-संध्याकाळ घरात भजन. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेण्यासाठी धडपडणारे हेच रामजी.

पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या. मुलांना रामजींच्या बहीण मीराबाई यांनी सांभाळले. पेन्शन महिना पन्नास रुपये. ती पुरेना, म्हणून उतारवयात रामजींनी खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपालाची नोकरी धरली. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. सुट्टीत मुले त्यांना भेटायला निघाली. येतोय असे पत्र मुलांनी धाडले होते, पण ते त्यांच्या हाती पडलेच नाही. मसूर स्टेशनवर कोणी घ्यायला नाही, जात कळल्यावर गाडीवान मिळेना, वाटेत कोणी पाणी देईना. हा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचला आहे. मी आता तो बापाच्या बाजूने वाचतो. आपली पोरे रात्रभर उपाशीतापाशी रस्त्यावर आहेत आणि त्याला त्याचा पत्ताच नाही.

पुढे मुंबई. परळला डबक चाळीतली एक खोली. त्यातच चूल, सरपण, माणसे आणि अभ्यास. रामजींनी मार्ग काढला. मुलाला लवकर झोपवायचे, आपण पहाटे दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून त्या जागेवर आपण पडायचे. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनीच त्याच्याकडून घोटून घेतली. आपल्या बॅचमध्ये ती कितीजणांच्या घरी होती, हात वर करा!

या घरातल्या सगळ्यांना मात्र सारखे मिळाले नाही. दोघांना शिकवणे झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. आणि भीमरावांना हवे ते पुस्तक घ्यायला पैसे नसले, की रामजी मुंबईतच सासरी असलेल्या मुलींकडे जात. एकीकडे उसने मिळाले नाहीत तर दुसरीकडे. दुसरीकडेही नसले, तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन हाती पडली की आधी दागिना सोडवून लेकीला परत. लेकीच्या दारात दर वेळी उभे राहताना त्या सुभेदाराला काय वाटत असेल?

इथे मला थांबावे लागले, पुस्तक मिटून. माझे वडील पवनीकडच्या आमच्या गावात बिड्या वळायचे. तेंदूपाने भिजवायची, कापायची, आणि रात्री कंदिलाजवळ सूप मांडीवर घेऊन हजाराचा हिशेब पुरा करायचा. मी नागपूरला कॉलेजात गेलो ती फी ताईच्या कानातल्यांवर आली. वडिलांना पेन्शन कुठली? ती कानातली सुटली नाहीत. ताईने कधी विषय काढला नाही. माझ्या पहिल्या पगारात मी मनगटी घड्याळ घेतले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळून बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोद्याला नोकरीवर गेले. मुलाने तिथे जावे, हे रामजींच्या मनात नव्हते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव निघाले, वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजींचा जीव जणू त्यांच्यासाठीच अडला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते गेले. तारीख २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले.

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला निघाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. रामजींना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.