मुख्यमंत्र्यांना आव्हान देणारा नेता : भाऊसाहेब हिरे

ऑक्टोबर १९५६. मुंबई राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाला नवा नेता निवडायचा होता. मुख्यमंत्री मोरारजी देसाई पुन्हा त्या पदावर येणार, असे दिल्लीत जवळपास गृहीत धरले गेले होते. हे गृहीत मोडले ते मालेगाव तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातून आलेल्या भाऊसाहेब हिरे यांनी.

हिरे यांचा जन्म १९०५ सालचा, निमगावचा. स्वातंत्र्यलढ्यातून ते काँग्रेसमध्ये वर आले आणि महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षही झाले. १९५२च्या निवडणुकीत मोरारजी बलसाडमधून अवघ्या १९ मतांनी पराभूत झाले, तरी मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडेच गेले. हिरे त्यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. पुढे ज्यांच्या विरोधात उभे राहायचे, त्यांच्याच हाताखाली त्यांनी साडेचार वर्षे काढली, हे विसरून चालणार नाही.

या काळातील त्यांचे मोठे काम म्हणजे कूळ कायद्यातील १९५६ची दुरुस्ती. नाशिक जिल्ह्याची हद्द ओलांडून घाट उतरले की मोखाडा आणि जव्हार लागते. १९४८मध्ये जव्हार संस्थान विलीन झाल्यावर हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या आदिवासी गावांच्या या पट्ट्यात जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावरचे नाव दुसऱ्याचे, ही नित्याची गोष्ट होती. अशा कुळाला ठराविक किंमत हप्त्यांनी भरून जमिनीचा मालक होण्याचा हक्क नव्या दुरुस्तीने दिला. कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरवताना डोंगराळ भागात किती अडचणी आल्या, हा वेगळा विषय आहे.

दरम्यान, राज्य पुनर्रचनेचा प्रश्न पेटला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी धुडकावली जात होती आणि रस्त्यावर गोळीबार होत होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ माणसे पडली. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर रक्तपात वाढला. मराठी जनतेच्या दृष्टीने या गोळीबारांचे धनी मोरारजीच होते. अलीकडच्या इतिहासात इतका अप्रिय मुख्यमंत्री मराठी माणसाने क्वचितच पाहिला असेल. हिरे यांची अडचण अशी, की ते त्याच सरकारात बसले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने श्रेष्ठींशी वाटाघाटी करायच्या आणि पक्षाची शिस्तही पाळायची, अशी त्यांची कोंडी झाली. समितीवाल्यांना ते मवाळ वाटत, दिल्लीला हट्टी.

ऑगस्टमध्ये संसदेने गुजरात, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक राज्य मान्य केले. त्याच्या नेतेपदासाठी मोरारजींनी अट घातली, निवड बिनविरोध झाली तरच आपण उभे राहू. हिरे यांनी माघार घेण्यास नकार दिला. या एका नकाराने मोरारजी बाजूला झाले.

मात्र पाडाव एकाचा झाला आणि फळ तिसऱ्याच्या पदरात पडले. मोरारजींच्या गोटाने यशवंतराव चव्हाणांना पाठिंबा दिला. वयाने तरुण आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर नेहरूंच्या निर्णयाशी बांधील राहिलेले चव्हाण गुजराती सदस्यांना सोयीचे वाटले. मतदानात चव्हाणांना ३३३ आणि हिरे यांना १११ मते मिळाली. द्वैभाषिकाच्या सभागृहात मराठी भावनेवर बहुमत जमणे कठीणच होते. हिरे यांना हे गणित कळत नसेल, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तरीही ते उभे राहिले. प्रस्तुत लेखकाला त्यांच्या आयुष्यातील हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चव्हाणांनी शपथ घेतली. मोरारजी केंद्रात मंत्री झाले. १ एप्रिल १९५७ रोजी, कायद्याने ठरवलेल्या कृषक दिनी, कुळे जमिनीची मालक मानली गेली, तेव्हा हिरे मंत्रिमंडळात नव्हते. १९५२मध्ये स्थापन केलेल्या महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेमुळे त्यांचे नाव नाशिक जिल्ह्यात शिक्षणाशी कायमचे जोडले गेले.

१ मे १९६०चा महाराष्ट्र त्यांनी पाहिला. १९६१मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, देशाचे संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, ते हिरे यांच्याच जिल्ह्यातील नाशिक मतदारसंघातून.