ताहराबादचे कुलकर्णी : संतचरित्रकार महिपतिबाबा

भाविक वाचकहो, कीर्तनात अभंगाचे निरूपण रंगात आले म्हणजे दृष्टांतासाठी आम्ही कीर्तनकार कधी जनाबाईला हाक मारतो, कधी गोरोबाकाकांना, कधी सेना महाराजांना. श्रोत्यांचे डोळे पाणावतात, टाळ खणखणतात. शेवटी जो तो म्हणतो, बुवांनी आज काय सुंदर कथा लावली हो! बुवाही मान डोलावतात. पण ही शिदोरी कोणाच्या घरून आली, हे सांगायचे मात्र राहून जाते. मीही पुष्कळदा विसरलो आहे. ते ऋण थोडे तरी फेडावे, एवढ्यासाठी हा लेख.

ते घर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. राहुरी तालुक्याच्या पश्चिम अंगाला ताहराबाद म्हणून गाव आहे. तेथे शके 1637, म्हणजे इसवी सन 1715 मध्ये महिपतींचा जन्म झाला. वडील दादोपंत, देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण, पंढरीचे वारकरी. घराण्याकडे गावचे कुलकर्णीपण आणि जोशीपण. म्हणजे गावाचा हिशेब आणि गावाचे पंचांग, दोन्ही एकाच ओसरीवर. तुकोबाराय वैकुंठाला जाऊन तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती. पुढे त्याच तुकोबांनी आपल्याला स्वप्नात उपदेश केला, असे महिपती मानीत आणि त्यांनाच सद्गुरू म्हणत.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. मुळेवर धरण नाही, प्रवरेला पाट नाही. पाऊस बेताचा. बाजरी खरिपाची, ज्वारी रब्बीची, आणि विहिरीला पाणी असेल तर मोटेवर चार वाफे गव्हाचे. अशा गावाचा खरा प्रपंच चाले तो हिवाळ्यात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे सांगायला नको. कार्तिक उजाडला की पहाटे काकडा. देवळातून परत यावे तो घरोघर जाती घरघरू लागलेली. बाजरी खळ्यावरून कणगीत गेलेली, ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली. मार्गशीर्षात कणीस बाहेर पडले की शेतात माळा उभा राहायचा, गोफण हातात घ्यायची आणि दिवसभर पाखरे हाकायची. पौषात हुरडा, भोगीची तीळ लावलेली भाकरी. संध्याकाळी गोठ्याशेजारी गोवऱ्यांची शेकोटी, अंगावर घोंगडी, नाहीतर जुन्या लुगड्यांची वाकळ. माघात कापणी, मग मळणी, उफणणी.

आणि याच दिवसांत कुलकर्ण्याच्या मागे दुसरी मळणी लागलेली असे. पीक हाती येऊ लागले की सरकारी हप्त्याची निकड सुरू. कोणाचे किती आले, कोणाची बाकी किती राहिली, सारे मोडीत उतरवायचे. ज्याच्या कणसाला दाणा भरला नाही, त्याच्याही नावापुढे आकडा मांडायचा तो याच हाताने. बोरूचे टोक लहान, पण त्याच्याने गरिबाचे घर हलते. कुलकर्णी भला असला तरी धनी कोण, त्यावर त्याची लेखणी चालायची. नगरचा किल्ला 1759 पर्यंत निजामाकडे होता, पुढे तो पेशव्यांकडे आला. अंमल बदलला तरी वसुलीची निकड काही बदलत नाही.

आता परंपरेने चालत आलेली गोष्ट ऐका. एके दिवशी महिपती देवपूजेला बसले असता जहागीरदाराच्या कचेरीतून शिपाई आला. ताबडतोब चला, काम आहे, म्हणाला. पूजा आटोपून येतो, असे महिपतींनी सांगितले. शिपायाला धीर कुठला? तो बोलू नये ते बोलला. महिपती कचेरीत गेले, जे काम होते ते नीट उरकून दिले, आणि घरी आले. मग लेखणी देवापुढे ठेवून त्यांनी निश्चय केला, की यापुढे हा बोरू संतांची चरित्रे लिहिण्यासाठीच उचलीन, सरकारी कामाला लावणार नाही. आपल्या वंशातही कोणी ती चाकरी करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले.

श्रोतेहो, ही गोष्ट ऐकल्यासारखी वाटते ना? वाटलीच पाहिजे. महिपतींच्याच भक्तविजयात सेना न्हाव्याची कथा आहे. सेना महाराज असेच पूजेला बसलेले, राजाचा माणूस असाच दारात उभा. घरी नाहीत, असे बायकोने सांगितले, शेजाऱ्याने चहाडी केली, राजा खवळला. तेव्हा भक्ताचे संकट जाणून भगवंत स्वतः सेना होऊन धोपटी घेऊन गेले. राजाची हजामत केली, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसले. ही कथा आम्ही किती रात्री सांगितली असेल, गणती नाही.

पण ताहराबादला काय घडले ते बघा. पांडुरंग महिपतींचे रूप घेऊन कचेरीत गेला नाही. कोणाच्या दौतीत चतुर्भुज मूर्ती दिसली नाही. महिपतींना स्वतःच्याच पायांनी जावे लागले, अपमान गिळून काम करावे लागले. सामान्य माणूस येथे दोन गोष्टींपैकी एक करतो. एकतर देवावर रुसतो, सेनासाठी धावलास आणि मला का विसरलास म्हणून. नाहीतर दोन दिवस चरफडून तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दप्तरापाशी बसतो. महिपतींनी दोन्ही केले नाही. सेनासाठी देव राजवाड्यात गेला. महिपतींच्या बाबतीत तो त्यांच्या बोरूत येऊन बसला, असे मी समजतो. पहिल्या चमत्काराला राजा साक्षी होता. दुसऱ्याला आपण सारे साक्षी आहोत, कारण ती पोथी आपल्या घरात आहे.

हा निश्चय बोलायला सोपा आहे. ज्याच्या घरात चूल आहे, पोरेबाळे आहेत, त्यालाच त्याची किंमत कळेल. कुलकर्ण्याचा बोरू म्हणजे भाकरी, मान आणि गावातला वचक. तो एका आसनावरून उठून देवापुढे ठेवणे म्हणजे योगक्षेमाचा भार खरोखरच त्याच्यावर टाकणे. आणि तो टाकूनही महिपती हिमालयात गेले नाहीत, भगवी वस्त्रे घेतली नाहीत. ताहराबादलाच राहिले. तीच ओसरी, तेच जाते, तीच थंडी. पालटला तो फक्त लेखणीचा धनी. दप्तर मोडीत होते, पोथी बाळबोधीत सुरू झाली.

शके 1679 मध्ये, इसवी सन 1757 ला, संतलीलामृत पुरे झाले. अध्याय 35. शके 1684 म्हणजे 1762 मध्ये भक्तविजय झाला, अध्याय 57. 1765 ला कथासारामृत, आणि 1774 ला 51 अध्यायांचे भक्तलीलामृत. या सनांकडे जरा लक्ष द्या. 1761 च्या जानेवारीत, पौष महिन्यात, पानिपत झाले. महाराष्ट्रात घरोघर कोणी ना कोणी परत आला नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी भक्तविजय पूर्ण होतो. रणात पडलेल्यांच्या मुलुखाला ताहराबादच्या एका खेडुताने कुंभार, न्हावी, माळी, शिंपी आणि दळणारी दासी यांचे विजय वाचायला दिले! विजय हा शब्द त्या वर्षी लोकांनी कोणत्या मनाने उच्चारला असेल, याचा विचार केला म्हणजे गहिवर येतो.

आणि या कथा पाहा कोठल्या आहेत. जनाबाईची घ्या. पहाटे ती दळायला बसते, देव तिच्याबरोबर खुंट्याला हात लावतो, आणि जाताना आपला शेला विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात जातो. ज्याने हिवाळ्यात वाकळ पांघरली आहे, त्यालाच तिची ऊब आणि तिची लाज दोन्ही ठाऊक. तुकोबांची घ्या. एका शेतकऱ्याने जोंधळ्याची राखण सांगून त्यांना माळ्यावर बसविले. पाखरे आली, तुकोबांना ती हाकवेनात. त्यांनाही भूक आहे, असे त्यांच्या मनात आले. मालक भांडला, पंच बसले, आणि पीक काढून पाहतात तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. ही कथा माळ्याखालून गेलेल्या माणसाचीच लेखणी लिहू जाणे. जाते, माळा, गोठा, चिखल, वाकळ, एवढ्याच सामानात महिपतींनी वैकुंठ उभे केले. कारण ते सामान त्यांच्या दारातच पडलेले होते.

कुलकर्णीपण सोडले तरी त्यातला सचोटीचा भाग त्यांनी टाकला नाही. जमा लिहिल्यावाचून खर्च मांडायचा नाही, हा हिशेबाचा धर्म. तसे भक्तविजयाच्या आरंभीच त्यांनी सांगून टाकले, की उत्तरेकडील नाभाजींनी आणि माणदेशातील उद्धवचिद्घनांनी जी चरित्रे लिहिली, त्यांच्या आधाराने मी हे लिहितो, पदरचे काही घालीत नाही. मी मतिमंद, रुक्मिणीवर लिहवितो, असा त्यांचा भाव. सनावळी तपासणाऱ्या पंडितांना त्यांच्या ग्रंथांत काही ठिकाणी चुका सापडतात. सापडोत. पण कोणाचे घेतले ते कबूल करण्याचा प्रामाणिकपणा आम्हां कीर्तनकारांना त्यांच्याकडून अजून शिकायचा आहे.

शके 1712 च्या श्रावण वद्य द्वादशीला, इसवी सन 1790 मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी महिपतींनी ताहराबादलाच देह ठेवला. संतविजय हा ग्रंथ अपुरा राहिला. हातातला बोरू शेवटपर्यंत खाली ठेवला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. त्यांची समाधी तेथे आहे. त्यांच्या भक्तविजयाचा इंग्रजी अनुवाद जस्टिन अॅबट या परदेशी गृहस्थांनी नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने करून 1933 साली प्रसिद्ध झाला, आणि ताहराबादच्या ओसरीवरची जनी साता समुद्रांपलीकडे गेली.

आज राहुरीकडे मोट नाही, विजेचा पंप आहे. कालवे आले, ऊस आला. तरी हिवाळा तोच आहे. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला शेतकरी कानाला उपरणे गुंडाळून अजून बांधावर कुडकुडत उभा राहतो, आणि पहाटे काकड्याची घंटा ऐकून हात जोडतो. दारात बोलावणेही अजून येते. त्या शिपायाचा पोशाख बदलला, इतकेच. तो आला म्हणजे आपण जावे, काम सचोटीने करावे, त्यात कमीपणा नाही. महिपतीही गेले होते. पण घरी परत आल्यावर लेखणी कोणापुढे ठेवायची, जीभ कोणासाठी हलवायची, रात्रीची उरलेली घटका कोणाला द्यायची, हे मात्र आपल्याच हातात आहे.

तेव्हा या हिवाळ्यात शेकोटीभोवती बसाल तेव्हा भक्तविजयाचा एक अध्याय लावा. वाचून झाला, की जनीच्या, सेनाच्या, तुकोबांच्या नावानंतर ताहराबादच्या त्या कुलकर्ण्याचेही नाव एकदा घ्या. ज्याने इतक्यांची खाती जमेला लावली, त्याचे खाते आपल्याकडे बाकी राहू नये.

रामकृष्णहरि.