बार्शी लाइटचे कॅलथ्रॉप साहेब

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा निरोप आला तोपर्यंत बोअरवेल, लिफ्ट, गच्चीची गळती आणि पहिली सर्वसाधारण सभा हे सगळे विषय वाटून झाले होते. माझ्याकडे उरला माझा छंद. दर गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये चार टेबले जोडून मी रूळ मांडतो आणि जुनी खेळण्यातली इंजिने फिरवतो, हे बहुतेक सभासदांना माहीत आहे. पोरांच्या धक्क्याने गाडी किती वेळा घसरली, हेही माहीत आहे.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या दोस्ताने माझे भिंग घेऊन एका इंजिनाच्या कुशीवरची पाटी वाचली. पाटी पितळेची, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यावर नाव होते ई. आर. कॅलथ्रॉप. हे आजोबा कोण, असे त्याने विचारले. मी म्हटले, मिरजेत छोटी गाडी आली ती यांच्यामुळे. त्याने बाबांकडे पाहिले. बाबांनाही छोटी गाडी आठवत होती, पण हे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. तेव्हाच ठरवले, की लिहायचे ते यांच्यावर.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडमधल्या एका शेतकरी घरातला. घरात भावंडे पुष्कळ. त्यांतला एक धाकटा भाऊ पुढे तिकडच्या मोठ्या रेल्वे कंपनीचा जनरल मॅनेजर झाला. एव्हरार्डने मात्र हात काळे करायचा रस्ता धरला. आधी रॉबर्ट स्टीफनसन यांच्या नावाने चालणारा इंजिनांचा कारखाना, मग १८७४ पासून क्रू इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारी, त्यानंतर ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यात नोकरी. म्हणजे इंजिनही कळते आणि वाघीणही कळते, असा माणूस तयार झाला. बहुतेक इंजिनिअर इंजिनाच्याच प्रेमात असतात, वाघिणीकडे कोण बघतो? कॅलथ्रॉप यांनी बघितले, आणि पुढचे सगळे त्यातूनच घडले.

१८८२ मध्ये ते जी.आय.पी. रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन तेव्हा चालू होती, पण बार्शी तिच्यापासून वीस-बावीस मैल आत होती. बार्शीची बाजारपेठ दांडगी. कापूस, धान्य, गळिताचा माल, सगळे बैलगाडीने बार्शी रोड स्टेशनवर यायचे. या बार्शी रोडलाच आज आपण कुर्डुवाडी म्हणतो. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली की रुतली. आणि शेजारी पंढरपूर! आषाढी-कार्तिकीला लाखांची पावले त्या रस्त्याने जात.

इथे मोठी लाइन टाकणे परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉप यांनी रजा काढून त्या मुलखाची पाहणी केली आणि अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजची योजना मांडली. मंजुरीचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. (आपल्या कन्व्हेयन्स डीडच्या फेऱ्या आठवाव्यात!) शेवटी नोकरी सोडून ते इंग्लंडला परतले, सल्लागार इंजिनिअर म्हणून व्यवसाय सुरू केला, पण बार्शीचा नाद सोडला नाही. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड गाडी सुरू झाली. पहिल्या पाहणीपासून दहा वर्षे गेली होती.

आता त्यांच्या डोक्यातली मुख्य गोष्ट सांगतो. रूळ किती जाड घ्यायचा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. सगळ्यात जड आसावर ठरते. इंजिनाचा एखादा आस दहा टनांचा असेल, तर बाकी सगळ्या वाघिणी हलक्या असूनही अख्ख्या लाइनवर दहा टन पेलणारा रूळ टाकावा लागतो. म्हणजे एका आसासाठी मैलोन्मैल लोखंड वाया. कॅलथ्रॉप यांनी नियम केला, की इंजिन असो, डबा असो की भरलेली वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिनाचे वजन त्यांनी जास्त चाकांवर पसरले. लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या बार्शीच्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके आणि मागे आणखी चार चाके होती. वाघिणींचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा केला. त्यामुळे वाघीण स्वतः हलकी आणि आत माल जास्त. एवढे केल्यावर यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा रूळ पुरला. मोठ्या लाइनचे रूळ याच्या दुपटीहून जड असत. स्वस्त रूळ, स्वस्त पूल, आणि तरी पूर्ण क्षमतेची गाडी. हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून ही गाडी लोकांना चालवूनही दाखवली होती.

आमच्या टेबलावरही हाच नियम चालतो बरं का. जुन्या वाघिणी कुठून कुठून जमवलेल्या, कुणी जड, कुणी फुलासारखी हलकी. जड इंजिनामागे हलकी वाघीण आणि तिच्यामागे जड वाघीण लावली, की वळणावर मधली हमखास रूळ सोडते. म्हणून मी सोनाराच्या छोट्या काट्यावर प्रत्येक वाघीण तोलतो आणि कमी पडेल तिच्या पोटात नट-वॉशर चिकटवतो. सगळ्यांचे वजन सारखे झाले, की गाडी पोरांच्या धक्क्यालाही दाद देत नाही. कॅलथ्रॉप वजन कमी करत होते, मी वाढवतो, पण हिशेब तोच.

बार्शी लाइट वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूरच्या बाजूला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. लातूरचा बाजार या गाडीने फुलला. आपल्या बाजूला सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे, बेळंकी, आरग अशा दुष्काळी पट्ट्यातून ती यायची. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत बार्शी लाइटच राहिली. तिच्या संथपणावर विनोद पुष्कळ झाले. पण जिथे एसटीसुद्धा उशिरा पोचली, तिथे ती आधी पोचली होती, हे विसरून चालणार नाही.

मी मूळचा सातारा रोडकडचा. लहानपण मीटरगेजच्या शिट्टीवर गेले. पुढे नोकरीमुळे मिरजेत आलो आणि पहिल्यांदा एकाच स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ पाहिले. पुण्याकडची ब्रॉडगेज, बेळगावकडची मीटरगेज, पंढरपूरकडची नॅरोगेज. १९७० नंतर वीसेक वर्षे मिरजेत हे दृश्य होते. मला छंद लागला तो तिथेच. वडिलांनी मुंबईहून आणलेले चावीचे टिनपाट इंजिन माझ्याकडे होते. त्याच्या जोडीला एकेक करून बाकीची आली.

पाटीवाले इंजिन मात्र बार्शीचे नाही. तेही सांगायला हवे. बार्शीच्या यशानंतर कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी लाइन बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिथे दोनच इंजिने होती, तीही किटसनचीच, आणि पहिल्याला कॅलथ्रॉप यांचेच नाव दिले होते. पुढे हिंदुस्थानी थाटाचा भला मोठा दिवा. मोठ्या लाइनची भरलेली वाघीण जशीच्या तशी अंगावर घेऊन जाणाऱ्या खास वाघिणीही तिथे होत्या, म्हणजे माल उतरवून पुन्हा चढवायची कटकट नाही. दूध आणि सहलीचे लोक यांवर ती लाइन तीसच वर्षे चालली. १९३४ मध्ये बंद झाली आणि दोन्ही इंजिने भंगारात गेली. खरे इंजिन जगात कुठेच उरले नाही. उरली ती माझ्यासारख्यांच्या कपाटातली, खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाची मॉडेल्स. हिशेबाने त्यांचा रूळ १० मिलिमीटर रुंद हवा, पण तयार मिळतो तो ९ चा, म्हणून सगळे त्यावरच भागवतात.

कॅलथ्रॉप यांच्या आयुष्यातला पुढचा भाग रेल्वेचा नाही, पण मला तोच जास्त लागतो. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ इथल्या विमानांच्या मेळाव्यात त्यांचे स्नेही चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधले रोल्स, विमान मोडून पडून गेले. ते सगळे कॅलथ्रॉप यांच्या डोळ्यांसमोर घडले. त्यानंतर त्यांनी रेल्वेचे डोके विमानातून माणूस सुखरूप खाली कसा येईल याला लावले. गार्डियन एंजल नावाचे पॅराशूट तयार केले. ते विमानालाच बांधलेले असे आणि उडी मारणाऱ्याच्या वजनाने आपोआप ओढले जाऊन उघडत असे. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, दीडेकशे फुटांवरून, एका अधिकाऱ्याने ते लावून उडी घेतली आणि तो सुखरूप उतरला. इतक्या कमी उंचीवरूनही ते उघडते, हे सिद्ध झाले.

पण महायुद्ध चालू असताना ब्रिटिश वैमानिकांना ते मिळाले नाही. वजन फार, जागा फार, अशी कारणे होती. पॅराशूट दिले तर वैमानिक विमान लवकर सोडतील अशी भीती वरिष्ठांना वाटत होती, असेही सांगतात. हेर उतरवायला काही वापरली गेली. युद्धाच्या शेवटी जर्मन वैमानिक पॅराशूट लावून उडत होते, आणि इकडची तरुण पोरे जळत्या विमानात तशीच बसून राहत होती. कॅलथ्रॉप यांनी या कामात स्वतःचा बराच पैसा घातला. ज्या माणसाने रुळावरचा प्रत्येक आस जपला, त्याला माणसे जपण्याची परवानगी वेळेवर मिळाली नाही.

घोड्यांवरही त्यांचा फार जीव. अरबी घोडे पाळायचे, आणि घोडा मारून नव्हे तर मायेने शिकवावा, या मताचे त्यांनी १९२० मध्ये एक पुस्तकही लिहिले. ३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये ते गेले. मिरजेला गाडी पोचली तेच हे वर्ष.

आता छोटी गाडीही नाही. पंढरपूर–मिरज मार्ग ब्रॉडगेज होऊनही बरीच वर्षे झाली. आपल्या मुलांना ती दाखवायची, तर मॉडेलवरच. पुण्यात कर्वे रस्त्यालगत जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथे मुलांना जरूर न्या. आणि घरात एखादे जुने इंजिन असेल तर माझ्याकडून एवढे ऐका. चावीचे असेल तर स्प्रिंग पूर्ण सोडूनच ठेवा. चाके स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या टोकावरचा एकच थेंब पुरे, जास्त झाले की धूळ धरते. जुन्या जस्ताच्या ओतीव भागांना कधीकधी बारीक चिरा पडून ते फुगतात आणि तुटतात. असा भाग जोर लावून बसवू नका. ओलाव्यापासून लांब ठेवा. आणि हौसेने नवा रंग तर मुळीच देऊ नका, खरवडला तरी जुना रंगच त्याची ओळख असतो.

पंचवीस वर्षे आपली सोसायटी चालली ती काही एका-दोघांच्या खांद्यावर नाही. कुणी हिशेब पाहिले, कुणी पंप दुरुस्त होईपर्यंत रात्री जागले, कुणी महिन्याच्या महिन्याला मेंटेनन्स भरला, एवढेच केले. पण केले. एकाच आसावर भार पडला असता, तर आपला रूळ केव्हाच वाकला असता. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सर्व सभासदांना मनापासून शुभेच्छा. गणपतीत हॉलमध्ये या. भिंग टेबलावरच ठेवलेले असेल.