केडगावची ‘मुक्ती’ आणि पंडिता रमाबाईंचे अखेरचे पर्व

संस्कृतच्या व्यासंगी विदुषी, ‘स्त्रीधर्मनीति’च्या लेखिका, ‘शारदा सदन’च्या संस्थापिका ही पंडिता रमाबाईंची ओळख महाराष्ट्राला आहे. त्यांच्या धर्मांतरावरून उठलेले वादळही सर्वपरिचित आहे. त्यानंतर केडगावच्या माळरानावर त्यांनी व्यतीत केलेल्या अखेरच्या अडीच दशकांविषयी मात्र मराठी वाचकाला फारच थोडे ठाऊक असते. जगभरातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात रमाबाईंचे नाव ज्या एका घटनेसाठी आवर्जून घेतले जाते, ती घटना याच पर्वातील आहे. १९०५ ते १९०७ या काळात ‘मुक्ती’त झालेले हे उज्जीवन होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या रमेला दिली. पुराणकथनावर गुजराण करीत हे कुटुंब देशभर पायी हिंडले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, १८७८मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. पण १८८२च्या आरंभी पटकीने तेही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनी मठात २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी निधी उभारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याचा आक्षेप ‘केसरी’ने लावून धरला. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पुण्यातील सुधारकांशी असलेला धागा तेथे जवळजवळ तुटला.

दुष्काळातून उभी राहिलेली वस्ती

१८९६-९७च्या दुष्काळाने रमाबाईंच्या कार्याला नवे वळण दिले. लहानपणी स्वतः उपासमार भोगलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि अनाथ मुली व विधवा यांना घेऊन परतली. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी वसतिगृहे उभी राहिली. या वसाहतीचे नाव ‘मुक्ती’. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील शेकडो मुलींची त्यात भर पडली आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गोठा, हातमाग, तेलाचा घाणा आणि छापखाना ही सारी कामे स्त्रिया करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत.

बाप्तिस्मा घेऊनही आपली श्रद्धा बराच काळ केवळ बुद्धीची होती, असे रमाबाईंना पुढे वाटू लागले. १८९१च्या सुमारास त्यांना व्यक्तिगत श्रद्धेचा अनुभव आला. त्यानंतर पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याचा विषय त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी राहिला.

या विषयाचे मूळ ‘नव्या करारा’त आहे. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल कृपादानांची यादी देतो. ज्ञानाचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, संदेश देणे, आत्म्यांची पारख, अन्य भाषांत बोलणे आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे ही त्यांपैकी काही दाने होत. ती निरनिराळ्या व्यक्तींना मिळतात आणि सर्वांच्या हितासाठी असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. करिंथच्या मंडळीत या दानांवरून अहंकार आणि गोंधळ माजला होता. म्हणूनच पौल प्रीतीला सर्व दानांच्या वर स्थान देतो. नेमका हाच पेच १९ शतकांनंतर केडगावी उभा राहणार होता.

जून १९०५

१९०४मध्ये वेल्समध्ये मोठे उज्जीवन झाले. त्याच्या वार्तेने प्रेरित होऊन जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी मुक्तीत खास प्रार्थनासभा सुरू केल्या. आरंभी सुमारे ७० जणी येत. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. गावोगाव जाऊन सुवार्ता सांगण्यास कोण तयार आहे, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा ३० तरुणी पुढे आल्या. त्यांच्यासाठी प्रार्थना चालू असतानाच, जूनच्या अखेरीस, एका पहाटे वसतिगृहातील एका मुलीला आपल्या अंगात जणू अग्नी उतरला असे वाटले. तिच्या सोबतिणीला खरोखरच आग दिसल्याचा भास झाला आणि ती पाण्याची बादली आणायला धावली, असा वृत्तान्त मुक्तीतील अमेरिकी मिशनरी मिनी एब्रम्स यांनी नोंदवला आहे. त्यानंतर अनेक दिवस पापकबुली, आक्रोश, सामुदायिक प्रार्थना आणि आनंद यांना वस्तीत भरती आली.

१९०६च्या अखेरीस काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्या. इंग्रजी न येणारी एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे रमाबाईंनी नमूद केले आहे. त्याच वर्षी एप्रिलपासून अमेरिकेत लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवर असेच अनुभव येत होते आणि तेथून पेंटेकॉस्टल चळवळ फोफावली. मुक्तीतील उज्जीवन मात्र त्याआधीच सुरू झाले होते. या चळवळीला एकच उगमस्थान नव्हते, असे अनेक अभ्यासक आज मानतात ते यामुळेच.

रमाबाईंसमोर दोन्ही बाजूंनी दडपण होते. हा सारा उन्माद आहे, तो थांबवावा, असे काही मिशनऱ्यांचे मत होते. दुसरीकडे, अन्य भाषांत बोलणे हाच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा अनिवार्य पुरावा, असा आग्रह पेंटेकॉस्टल वर्तुळात धरला जात होता. रमाबाईंनी दोन्ही मते नाकारली. भारतीय स्त्रिया मोठ्याने रडून, एकाच वेळी प्रार्थना करीत असतील, तर त्यांना पाश्चात्त्य शिस्तीच्या चौकटीत कोंबण्याचे कारण नाही, अशी त्यांची धारणा होती. मात्र हे दान प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असे त्यांनी मानले नाही. त्यांना स्वतःला ते लाभल्याची नोंद नाही. आत्म्याची खरी खूण त्यांच्या लेखी प्रीती हीच होती.

त्याचा प्रत्यय व्यवहारात दिसला. सुमारे ७०० स्त्रियांनी प्रार्थनेला आणि सेवेला वाहून घेतले. त्यांपैकी ६० जणी दररोज आळीपाळीने आसपासच्या गावांत जात. दुष्काळात भाकरीला मोताद झालेल्या, कालपर्यंत निरक्षर असलेल्या या मुली उपदेश करू लागल्या होत्या. त्या काळी बहुतेक चर्चमध्ये व्यासपीठ पुरुषांचेच असे, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटनेचे वेगळेपण कळते. भुकेल्या मुलींचा आश्रय आणि त्यांचे धर्मांतर यांची सांगड घालणे कितपत योग्य, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही तो घेतला जातो. या चरित्रातील हा पेच दुर्लक्षिण्याजोगा नाही.

केडगावची वार्ता दूरवर पोहोचली. मिनी एब्रम्स यांनी उज्जीवनावर लिहिलेली पुस्तिका चिलीतील वाल्पराइसो येथे मिशनरी हूवर दांपत्याच्या हाती पडली. १९०९मध्ये तेथे झालेल्या पेंटेकॉस्टल जागृतीच्या प्रेरणांमध्ये तिचा उल्लेख होतो.

अक्षरांची सेवा

उज्जीवनाची लाट ओसरली; रमाबाई मात्र दुसऱ्याच कामात गढल्या होत्या. साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जुळारीपासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. पौलाच्या यादीत भाषांची दाने चमत्काराच्या रूपाने येतात. रमाबाईंनी भाषा मिळवली ती रोजच्या परिश्रमाने, आणि सुमारे १८ वर्षे त्या या कामाला जुंपून राहिल्या.

१९१९मध्ये सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई निवर्तल्या. एकुलत्या एक लेकीचे, आपल्या कार्याच्या वारसदाराचे दुःख गिळून रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. अखेरची मुद्रिते पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती, असे सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशनचे काम केडगावात पुढेही चालू राहिले.