मेफ्लॉवर हॉटेलमधले फोन

बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाच बनवता येतो, असं आजोबांनी एका मुलाला सांगितलं. आपण असतो तर विसरून गेलो असतो. बिल विल्सन विसरला नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट नावाचं छोटं गाव आहे, तिथे तो १८९५ साली जन्मला. आईवडील वेगळे झाले आणि त्याला आजोळी ठेवून निघून गेले. हा मुलगा सहा महिने लाकूड तासत बसला. शेवटी स्वतःच्या पलंगाची उशाकडची फळी कापली आणि तिच्यातून फिरून परत येणारा बूमरँग बनवलाच! वर्कशॉपमध्ये ज्यांचा कारपेंट्रीचा जॉब तीनदा रिजेक्ट झाला (मी त्यातलाच), त्यांनी याला मानायलाच हवं.

हाच बिल पुढे दारूत पार बुडाला. १९१७ साली, महायुद्धाच्या काळात तो सैन्यात तरुण अधिकारी होता. मोठ्या लोकांच्या पार्टीत त्याला बोलायलाच सुचेना. कोणीतरी हातात ग्लास दिला आणि लाज पळाली. घोळ झाला तो इथेच. १९१८ मध्ये त्याने लोइसशी लग्न केलं. नंतर वॉल स्ट्रीटवर शेअरच्या धंद्यात पडला. १९२५ मध्ये दोघं साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवर निघाले आणि गावोगावचे कारखाने बघत हिंडले, कारण शेअर घ्यायच्या आधी कंपनी डोळ्यांनी बघावी असं त्याचं मत. पैसा आला, दारूही वाढली. १९२९ ला बाजार कोसळला. मग लोइस दुकानात नोकरी करून घर चालवायची आणि हा तिच्या माहेरच्या घरात पिऊन पडलेला असायचा. घरच्या बायबलमध्ये शपथ लिहून द्यायचा आणि मोडायचा.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये त्याला चार वेळा भरती केलं. तिथले डॉक्टर सिल्कवर्थ यांचं म्हणणं होतं की हा आजार आहे, नुसता मनाचा कमकुवतपणा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये, शेवटच्या खेपेला, त्याला खोलीत एकदम प्रकाश भरल्यासारखा अनुभव आला. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. त्यानंतर तो कधी प्यायला नाही, एवढं मात्र खरं. बाहेर आल्यावर तो दिसेल त्या दारुड्याला सुधारायला निघाला. पाच महिन्यांत एकही सुधारला नाही. पण लोइसच्या लक्षात आलं, की या सगळ्या खटपटीत बिल स्वतः कोरडा राहिला होता.

मे १९३५. ओहायोमधल्या अॅक्रन शहरात तो धंद्याच्या कामासाठी गेला आणि ते काम फिसकटलं. शनिवारची संध्याकाळ, खिशात जेमतेम दहा डॉलर, गावात ओळखीचं कोणी नाही. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. आज मी पिणार, हे त्याला कळत होतं. (सबमिशन बुडाल्यावर किंवा बॅक राहिल्यावर आपल्याकडे काय होतं ते सांगायला नकोच.) त्याने फोन उचलला. एका पाद्र्याने काही नावं दिली. तो एकेक नंबर फिरवत गेला. त्याला डॉक्टर नको होता, उपदेश करणारा तर नकोच होता. त्याला स्वतःसाठी आणखी एक दारुडा हवा होता! असल्या फोनला लोक काय उत्तर देणार? पण शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी त्याला घरी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे डॉक्टर बॉब स्मिथ आले. स्वतः सर्जन, पण पिण्यामुळे हात थरथरायचे. पंधरा मिनिटांत उठायचं असं ठरवूनच ते आले होते. बसले ते रात्री अकरापर्यंत, कारण समोरचा माणूस त्यांना सुधारत नव्हता, तो आपलीच कहाणी सांगत होता. तरी डॉक्टर पुढे एकदा घसरले. १० जून १९३५ ला ते शेवटचं प्यायले आणि तीच तारीख अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, जन्मदिवस धरतात. तेव्हा मेंबर दोन! मग दोघं तिसरा शोधायला हॉस्पिटलमध्ये गेले.

पुस्तक १९३९ मध्ये आलं. त्याच वर्षी बिल आणि लोइसचं घर गेलं आणि दोन वर्षं दोघं मित्रांकडे राहिले. तो काही संत नव्हता. अनेक वर्षं डिप्रेशनमध्ये होता. सिगारेट फार ओढायचा, त्यानेच फुप्फुसं गेली. शेवटच्या आजारपणात त्याने व्हिस्की मागितली होती. ती त्याला दिली नाही. २४ जानेवारी १९७१ ला, लग्नाच्या वाढदिवशी, तो गेला.

मुंबईत ए.ए. १९५७ मध्ये आलं. आज महाराष्ट्रात मराठीतून मीटिंग होतात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा असली की झालं. पुण्याच्या मुक्तांगणमध्येही १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम चालतं. आणि लोइसला विसरून चालणार नाही. नवऱ्याच्या मीटिंग चालायच्या तेव्हा बाहेर गाडीत बसलेल्या बायका तिला दिसायच्या. १९५१ मध्ये तिने घरच्या माणसांसाठी अल-अॅनॉन सुरू केलं. प्रत्येक विंगमध्ये एखादा तरी असतो, जो दिवाळीच्या सुट्टीतही घरी जात नाही आणि कारण सांगत नाही. अल-अॅनॉनची मीटिंग त्याच्यासाठीही असते, वडील स्वतः ए.ए.त जात नसले तरी.